मॅडम, आत काहीतरी गेलंय!

ठाकुर्लीत बायकांचा दवाखाना चालवला की दोन गोष्टी आपोआप साठतात, औषधांची सॅम्पलं आणि किस्से. सॅम्पलं एक्सपायर तरी होतात! त्यातही ‘मॅडम, आत काहीतरी गेलंय’ या वाक्याने सुरू होणारे किस्से सगळ्यात जास्त. पेशंटची नावं सांगणार नाही. आमच्या फिलोमिना सिस्टरचं सांगते, कारण तिला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

*

वर्तकनगरच्या एक रिटायर्ड बाई. शाळेत गणित शिकवायच्या. खाजेने हैराण. “मुंगी शिरलीय आत,” एकदम ठाम! धुवायच्या कपड्यांवर रोज मुंग्या. बाईंनी कपाटाभोवती मुंग्यांच्या खडूने चौकोन आखलेला.

तपासलं. मुंगी नव्हती, फंगल इन्फेक्शन होतं. लघवी तपासली, तर साखरच साखर.

“बाई, तुम्हाला डायबेटिस आहे.”

बाईंनी रिपोर्टवरचा आकडा दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “म्हणजे मुंग्यांना माझ्याआधी कळलं!”

*

नुकतं लग्न झालेलं जोडपं. दोन दिवस घाबरून घरी बसलेले. आले तर बायको जमिनीकडे बघतेय, नवरा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचतोय. शेवटी तोच हळूच म्हणाला, “सिस्टर, आमचं सामान आत राहिलंय.”

सिस्टरने मान वर न करता विचारलं, “कुठे, रिक्षात?”

निसटलेला कंडोम होता. अर्ध्या मिनिटात निघाला. नवरा अजून सिस्टरच्या नजरेला नजर देत नाही!

*

ठाण्याला ऑफिस असलेली एक मुलगी थंडीतापाने फणफणून आली. इन्फेक्शन पार किडनीपर्यंत गेलेलं. का? तर ऑफिसात दिवसभर लघवी दाबून धरायची. पाणीसुद्धा प्यायची नाही.

“कमोडमधून किडा आत जातो ना मॅडम! सोसायटीच्या ग्रुपवर आलेलं.”

“असं काही नसतं गं. कोण लिहितं हे?”

तिने मोबाईल पुढे केला. ‘एका प्रसिद्ध लेडी डॉक्टरचा सल्ला’. खाली फोटो. माझा!

*

शहाडची एक सून. “आत अळी आहे. हाताला लागते,” म्हणाली आणि रडायलाच लागली. तीन वर्षं दुसऱ्या मुलासाठी प्रयत्न चाललेले. तिला वाटलं, ही अळीच गर्भ खातेय.

अळी नव्हती, कॉपर-टीचा धागा होता. पहिल्या डिलिव्हरीनंतर लगेच बसवलेली. कुणी सांगितलं असेलही, पण त्या अवस्थेत कोण ऐकतंय? कुणी विचारलं होतं का, तेही तिला आठवेना.

काढून तिच्या हातात दिली. ती बघतच राहिली. म्हणाली, “आणि सासूबाई तीन वर्षं सोळा सोमवार करतायत!”

*

कल्याणच्या पलीकडच्या एका गावातली आजी. अंगावरून जायचं, वास यायचा. घरच्यांनी कॅन्सर ठरवूनच टाकलेला. सुनेने ताट-वाटी वेगळी केलेली, अंथरूण पडवीत. आजीचं एकच म्हणणं, “आत किडा हाय गो. पोखरतोय मला.”

तपासलं, तर हाताला रबराची रिंग लागली. अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर येतं म्हणून पूर्वी कुणा डॉक्टरांनी बसवलेली. ती मधून मधून काढून साफ करावी लागते. ते डॉक्टर वारले, आजी विसरली. जखम झालेली, पण कॅन्सरचा रिपोर्ट निल आला. औषधाने आठवड्यात वास गेला. अंथरूण पडवीतून घरात आलं.

रिंग काढली त्या दिवशी आजी म्हणाली, “चांगली धुवून दे. सुनेला दाखवायचीय.”

सिस्टरने उकळून, कागदात गुंडाळून दिली.

महिन्याने चेकअपला आल्यावर मी विचारलं, “काय आजी, दाखवली का सुनेला?”

“नाय. देव्हाऱ्यात ठेवली.”

“देव्हाऱ्यात?”

“हां. रोज फूल वाहते तिला.”

“तुम्ही?”

“मी कशाला? सून!”