रविवारपर्यंत उभा ऊस

पुण्याहून निघालेल्या एसटीत सगळे पेंगत होते आणि मी मात्र मांडीवरची काचेची फ्रेम सांभाळत ताठ बसले होते. फ्रेममध्ये मुरगूडजवळच्या एका शेताचा फोटो होता. पहाटेचं धुकं, उभा ऊस आणि कोवळ्या उन्हात चमकणारे त्याचे रुपेरी तुरे. गेल्या हंगामात रस्त्यानं जाताना तो टिपला होता. तोच दाखवून मी माझी पहिली निसर्ग-छायाचित्रण कार्यशाळा जाहीर केली आणि सहा जणांनी हौसेनं नावं दिली. रविवारी पहाटे त्यांना त्याच बांधावर उभं करायचं होतं. त्याआधी जागा बघायची, शेतमालकाची परवानगी काढायची आणि फोटो त्याला भेट द्यायचा, असा बेत होता. आजवर मी लग्नंच टिपत आले. मंगल कार्यालयाबाहेर पडायची ही पहिली संधी होती आणि मला ती घालवायची नव्हती.

शाहूपुरीत माझी मैत्रीण वैशाली राहते. शुक्रवारी उजाडता उजाडता ती म्हणाली, "चहा घे पटकन, मी गाडी काढतो." कोल्हापूरच्या मुली स्वतःबद्दल असंच 'काढतो, जातो' म्हणतात. इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतरही मला ते ऐकायला फार आवडतं.

बिद्रीजवळ आमची स्कूटर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकली. हवेत मळीचा (साखर करताना उरणाऱ्या काळ्या पाकाचा) आंबूस-गोड वास होता. प्रत्येक भरलेली ट्रॉली मी मान वळवून वळवून बघत होते.

"वैशू, हा आपला ऊस नसेल ना गं?"

"आपला कवापासनं झाला?" तिनं मागं न बघता विचारलं.

पण शेत जागेवर होतं! ऊस उभा होता आणि यंदा तर तुरे गेल्या वर्षीपेक्षा दाट होते. मी स्कूटरवरून जवळजवळ उडीच मारली. सूर्य कुठून येतो, तिपाया कुठे मांडायच्या, चिखल कुठे आहे, सगळं बघत बांधावर येरझाऱ्या घालायला लागले.

"पावणं, काय हरवलंय काय?" मागून दणदणीत आवाज आला. शेताचे मालक, दत्तूमामा. शेजारी त्यांच्या पत्नी, हौसामावशी, वैरणीचा भारा घेऊन उभ्या होत्या.

मी आनंदाच्या भरात म्हणाले, "मामा, काय सुंदर तुरे आलेत तुमच्या उसाला!"

वैशालीनं माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

"ताई, तुरा आला म्हंजी ऊस आतनं पोकळ पडाय लागला," मामा शांतपणे म्हणाले. "रोज वजन घटतंय. टोळीची (ऊस तोडणाऱ्या मजुरांची) वाट बघून डोळं दुखाय लागल्यात. आज येतो म्हणत्यात, उद्या येतो म्हणत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फ्रेमची पिशवी मी हळूच स्कूटरच्या आड सरकवली. ज्याचं दुःख तेच चौकटीत बसवून त्याला भेट द्यायला निघाले होते मी!

एवढं होऊनही मामांनी रविवारच्या कार्यशाळेला परवानगी दिली आणि मावशींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्वारीची गरम भाकरी, दही आणि खर्डा (तव्यावर भाजून रगडलेली हिरवी मिरची). पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्याच वेळी मामांचा फोन वाजला.

"उद्या सकाळी? नक्की? या की मग!" मामांचा आवाज घरभर घुमला. मावशींनी देवाला हात जोडले. मग दोघांचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि त्यांचे चेहरे उतरले.

"रडू नगा की ताई," मावशी कळवळून म्हणाल्या आणि मामांकडे वळल्या. "अवो, हिचं काम रविवारी हाय."

"मावशी, खर्डा तिखट आहे," मी म्हणाले. खरं तर सगळं पाणी खर्ड्याचं नव्हतं.

मामांनी क्षणभर विचार केला. "एकच दिस की. थांबा म्हणू का टोळीला?"

एकदा नाही म्हटल्यावर टोळी पुन्हा कधी फिरकली असती? हे माहीत असूनही तो माणूस मला विचारत होता. माझ्या तोंडून हो निघतं की काय, याची मलाच भीती वाटली.

"नको मामा," मी घाईनं म्हणाले. "तोडा."

रविवारी माझी सहा माणसं बांधावर आली तेव्हा समोर मोकळं रान होतं. तुरे नव्हते, हे मी आधीच सांगून टाकलं. एक-दोघांची तोंडं वाकडी झाली. पण उसामागे दडलेली वेदगंगा नदी आता दिसत होती, तिच्यावर धुकं होतं आणि पाचोळ्यात बगळे उतरले होते. कॅमेरे बाहेर निघाले आणि कुरकुर आपोआप थांबली. माझी कार्यशाळा झाली. माझ्या मनातली नव्हे, पण झाली.

निघताना मावशींनी पिशवीकडे बोट दाखवलं. "परवापासनं ह्यात काय लपवताय?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी भीत भीत फ्रेम बाहेर काढली. मामांनी ती दोन्ही हातांत धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

"आमचंच रान हाय की हे! गेल्या साली बी टोळी उशिराच आल्ती." ते हसले. "ऊस रानात असता तर ह्यो फोटो बघवला नसता. आता गेलाय न्हवं, आता लई झ्याक दिसतंय."

मावशींनी लगेच खिळा शोधायला घेतला.

परतीच्या एसटीत माझी मांडी रिकामी होती आणि मी पुण्यापर्यंत गाढ झोपले. त्या फोटोची दुसरी प्रत माझ्या घरी भिंतीवर आहे. तिच्याकडे बघतच हे लिहिते आहे. असा फोटो मला पुन्हा मिळेल की नाही, माहीत नाही. पण पुढच्या वर्षी मामांच्या शेतात टोळी वेळेवर यावी आणि एकही तुरा दिसू नये, असं मनापासून वाटतं.