लुचियाने लिफ्ट का दिली?

मंडळी, आज माझी गाडी सुरूच होईना. हॅमिल्टनमध्ये गाडी नाही म्हणजे पायच नाहीत. आमच्या वॉर्डातली इटालियन नर्स लुचिया वाट वाकडी करून मला न्यायला आली.

मी मनात म्हटलं, हिला माझी रविवारची सुट्टी हवी असणार! शेवटी विचारलंच, "काय काम होतं?"

ती हसली. "काही नाही. जेंतिलेत्सा! आमच्याकडे चांगुलपणाला असं म्हणतात."

माझा संशय काही जाईना. घरी येऊन शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये 'जेन्स' म्हणजे कूळ. त्यावरून आधी कुलीनपणा आणि मग चांगुलपणा. म्हटलं ना! चांगुलपणासुद्धा आधी घराणंच बघतो.

लगेच लुचियाला मेसेज टाकला. तिचं उत्तर आलं, "असेल. पण मी तर तुझं आडनावही कधी विचारलं नाही."

सकाळीच नाशिकहून नवीन आलेल्या एका मुलीचा माझ्या रिकाम्या खोलीसाठी फोन आला होता. मी आधी तिचं आडनाव विचारलं. ऐकून म्हटलं, "बघते, कळवते."

आता तिला फोन करून काय सांगू? सुचवा.