चार वाजताचा मिस्ड कॉल

शोकेसवर ठेवलेल्या कॅमेऱ्यातून हॉलचा बराचसा भाग दिसायचा. सोफा, दिवाण, जेवणाचं टेबल, बाल्कनीचं सरकतं दार आणि स्वयंपाकघराच्या दाराची अर्धी चौकट. स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामधला पॅसेज दिसत नसे. तो साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद होता. गाझियाबादच्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरात आई माझ्या दोन मुलांना सांभाळायला अडीच वर्षं राहिली. तिच्या दुपारी मी पाहिल्या त्या या कॅमेऱ्यातून, नोएडाच्या ऑफिसात बसून, मोबाइलच्या पडद्यावर. पॅसेजमध्ये काय चालायचं, ते मला नंतर मुलांना विचारून घ्यावं लागलं.

कॅमेरा आईसाठी घेतलेला नव्हता. धाकटा सहा महिन्यांचा झाला, बायकोची रजा संपली, तेव्हा आम्ही दिवसभराची एक बाई ठेवली होती. कॅमेरा तिच्यासाठी. ती दोन महिन्यांत गावी निघून गेली आणि आई कोल्हापूरहून आली. कॅमेरा जागच्या जागी राहिला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शोकेस पुसताना आईने विचारलं, "हे काय रे?"

"वायफायचं आहे," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्या भोवतीची धूळ पुसून घेतली.

खरं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते मी सांगितलं नाही.

आई मार्चमध्ये आली होती, दिवाळीपर्यंत राहायच्या बोलीवर. पुढचं ठरलेलं नव्हतं. बायको केंद्र सरकारच्या एका खात्यात, सकाळी साडेआठला बाहेर पडायची ती साडेसहाला परत. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर, दुपारी बारा ते रात्री आठ. आई गेली असती तर बायकोला बिनपगारी रजा घ्यावी लागली असती किंवा धाकट्याला पाळणाघरात टाकावं लागलं असतं. आई राहणार की नाही, एवढा एकच प्रश्न त्या वर्षी आमच्या घरात होता. विचारलं की ती म्हणायची, "बघू की."

कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली होती. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, दिवसभर ट्रंक कॉल जोडून देणं. त्या नोकरीचा आवाज तिच्याकडे शिल्लक होता. सोसायटीच्या गेटवरून गार्डने इंटरकॉम केला की ती दुसऱ्या रिंगला उचलायची आणि स्वच्छ, एका पट्टीत "हॅलो" म्हणायची. गार्ड एकदा मला म्हणाला, "सर, माताजी की आवाज़ तो बिल्कुल कस्टमर केयर वाली है." मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग, कस्टमर केअर आमच्यानंतर आलं."

न्यूजरूममध्ये मी कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवायचो. त्यामुळे त्या पहिल्या सहा महिन्यांतली आई माझ्या आठवणीत मुकी आहे. साडेबाराच्या सुमारास ती धाकट्याला टेबलाशी बसवून मऊभात आणि मेतकूट भरवायची. दर दोन घासांनंतर तो मान फिरवायचा, मग ती खिडकीकडे बोट करायची, तो तिकडे बघायचा आणि घास आत जायचा. खिडकीत काय होतं कोण जाणे. नवव्या मजल्यावरून समोरच्या टॉवरच्या बाल्कन्या दिसायच्या, फार तर एखादं कबूतर. दीड वाजता गार्डचा फोन यायचा, की मुलीची स्कूल व्हॅन आली. आई धाकट्याला कडेवर घेऊन खाली जायची. हॉल नऊ-दहा मिनिटं रिकामा. मग माझ्या मोबाइलवर 'हालचाल आढळली' असा मेसेज यायचा आणि मुलगी धावत आत. दप्तर सोफ्यावर, एक बूट सोफ्याखाली, दुसरा कुठेही. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती.

अडीच वाजता दोघं दिवाणावर झोपायची. आई मध्ये बसून धाकट्याला थोपटायची. तो झोपला की तिचाही डोळा लागायचा, पण हात चालू राहायचा. थापांमधलं अंतर वाढत जायचं आणि केव्हातरी हात त्याच्या पाठीवर थांबायचा. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं, शेवटच्या दोन थापांमध्ये पंधरा सेकंद गेले. समोर एका बातमीचं शीर्षक अडलेलं होतं.

सप्टेंबरमध्ये धाकटा चौदा महिन्यांचा होता आणि कशावरही चढायला शिकला होता. एका दुपारी चारला मी मोबाइल उघडला. आईने बाल्कनीतले वाळलेले कपडे आत आणून दिवाणावर टाकले आणि ती चौकटीबाहेर गेली. दार उघडंच राहिलं. धाकटा झोपेतून उठलेला होता. तो दिवाणावरून उतरला, बाल्कनीत गेला. कठड्याशी एक बादली पालथी घातलेली होती. त्याने तिच्यावर एक पाय ठेवला.

कॅमेऱ्यातून बोलता येतं. मी बटण दाबून ओरडलो, "आई! बाल्कनी!"

डेस्कवरचे सगळे माझ्याकडे वळले. पडद्यावर आई आली, तिने धाकट्याला उचललं, दार लावलं, कडी घातली. मग ती त्याला कडेवर घेऊन हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि तिने वर बघितलं. ती शोकेसकडे येत गेली, इतकी जवळ की पडद्यावर तिचा चष्माच उरला. तिचे ओठ हलले. मग तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि ती बाजूला झाली.

ती काय म्हणाली ते मला मुलीने सांगितलं. "आजी बोली, अच्छा, वायफायला आवाज पण आहे."

मी घरी पोचलो तेव्हा आई झोपली होती. सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, "दिवाळीनंतरचं तिकीट बघून ठेव."

"आई, काल मी..."

"काल चूक माझी. दूध गरम करायला गेले, दार लावायचं राहिलं. ते मला दुसऱ्याने सांगायला नको."

"तसं नाही गं."

"खालचा बर्थ बघ," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

त्या आठवड्यापासून हॉल रिकामा झाला. आईने पॅसेजमध्ये सतरंजी अंथरली. मुलांची खेळणी, पाण्याचा तांब्या, धाकट्याची उशी, सगळं तिकडे गेलं. कॅमेऱ्यात काय दिसतं आणि काय नाही हे तिला इतकं नेमकं कसं कळलं, याचा उलगडा बऱ्याच दिवसांनी मुलीकडून झाला. बायको अंघोळीला गेली असताना आजी-नातीने तिचा फोन उघडला होता. पिन नातीला पाठ होता. "आजीने मला सगळीकडे उभं केलं. सोफ्याजवळ, टेबलाजवळ. मग मी पॅसेजमध्ये गेले, तर आजी बोली, बस, इथे."

जवळजवळ तीन आठवडे मी रोज चारला मोकळा सोफा बघितला. कधी चौकटीत चेंडू घरंगळत यायचा आणि मनगटावर घड्याळ बांधलेला एक हात येऊन तो घेऊन जायचा. कधी दोन तळपाय दिसायचे. मी तेवढं बघायला मोबाइल उघडायचो.

"काढून टाक ना तो कॅमेरा," बायको म्हणाली.

"काढला की कबूल केल्यासारखं होईल."

"मग कर ना कबूल. तुझी आई आहे, इन्क्वायरी कमिटी नाही."

तिकिटाचं आरक्षण मी रोज उघडून बघत होतो. खालचे बर्थ शिल्लक होते. मी काढत नव्हतो.

एका रविवारी आई टेबलाशी मेथी निवडत बसली होती. धाकटा टेबलाखाली काड्या गोळा करत होता, मुलगी शेजारी चित्र रंगवत होती. मी खुर्ची घेऊन शोकेसशी गेलो आणि कॅमेऱ्याची वायर ओढली.

"काय करतोस?"

"काढतोय."

"कशाला? वायफाय बंद पडेल की."

मुलगी हसली. मी खुर्चीवरून उतरलो आणि म्हणालो, "चुकलं माझं."

आईने तीन-चार काड्यांची पानं खुडली. मग म्हणाली, "एक्स्चेंजमध्ये आमच्या लाइनवर सुपरवायझर यायच्या. आम्ही लोकांशी कसं बोलतो ते ऐकायला. तो त्यांच्या कामाचा भाग होता, त्याचा राग नाही यायचा कधी. पण त्या लाइनवर आल्या की कानात बारीक खट्ट व्हायचं. कळायचं, कोणीतरी आलंय. तू सहा महिने येत होतास, मला एकदासुद्धा खट्ट झालं नाही."

मी हातातली वायर गुंडाळू लागलो.

"तो डबा वायफायचा नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. वायफायचा टीव्हीमागे आहे, त्याला चार लाइट आहेत. म्हटलं, आज ना उद्या सांगशील."

"मग विचारलं का नाहीस?"

"मी का विचारू? तू सांगायचं होतंस." तिने टेबलाखाली हात घालून धाकट्याच्या तोंडातली काडी काढली. "ठेव तो परत. नववा मजला आहे, माझे गुडघे हे असे. त्या दिवशी तू ओरडलास ते बरंच झालं. पण यायच्या आधी वाजव."

"वाजव म्हणजे?"

"मिस्ड कॉल दे. एक रिंग. मग बघ काय बघायचंय ते."

"आणि तिकीट?"

"काढलंस?"

"नाही अजून."

"मग थांब जरा. थंडी कशी जाते बघू."

सोमवारी चारला मी एक रिंग देऊन फोन कापला आणि मोबाइलवर कॅमेरा उघडला. पॅसेजमधून आई आली. मांडीवर धाकटा, बाजूला मुलगी, तिघं सोफ्यावर एका ओळीत बसली आणि स्टुडिओत फोटो काढायला बसल्यासारखी कॅमेऱ्याकडे बघू लागली. आईने धाकट्याची वाटी उचलून कॅमेऱ्याकडे वाकडी केली. रिकामी होती. मुलीने जीभ दाखवली. मग आईने हात हलवला, पुरे, कामाला लाग, आणि तिघं उठून पुन्हा पॅसेजमध्ये गेली.

हे दोन वर्षं चाललं. रोज अर्धं-पाऊण मिनिट. मुक्काम मात्र तिने हॉलमध्ये परत आणला नाही. एकदा नोव्हेंबरमध्ये, हवा खराब म्हणून शाळा बंद होत्या आणि दोघंही खोकत होती, तेव्हा मी रिंग न देता कॅमेरा उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सांगून टाकलं.

"मग काय दिसलं?" तिने विचारलं.

"काही नाही. सोफा."

"मग!" ती म्हणाली, आणि वाफ देण्यासाठी पाणी तापवायला ठेवलं.

पॅसेजमध्ये काय व्हायचं, ते मुलांच्या सांगण्यावरून एवढंच. चहात बुडवलेलं बिस्किट मिळायचं, जे आमच्याकडे बंद होतं. एक्स्चेंजचा खेळ असायचा. कपड्यांचे चिमटे म्हणजे बोर्डाच्या पिना आणि आजीच्या डोक्याला बांधलेली ओढणी म्हणजे हेडफोन. मुलगी गिऱ्हाईक व्हायची, पानिपत, नाही तर मेरठ मागायची. आजी जोडून द्यायची. कोल्हापूर मागितलं की म्हणायची, "लाइन बिझी आहे, नंतर करा." धाकट्याचं काम मधूनमधून "खट्ट" म्हणायचं. तो त्याच्या पहिल्या दहा शब्दांपैकी एक होता, असं बायको सांगते. मला आठवत नाही. तो मी ऐकलेला नाही.

यातलं काहीही कॅमेऱ्यात नाही. जे होतं तेही उरलं नाही, कारण त्याच्या कार्डात सात दिवसांचंच राहायचं आणि आठव्या दिवशी पहिला पुसला जायचा. मला वाटीचा तो तिरपा कोन आठवतो, थांबत गेलेला हात आठवतो. मुलगी आता माझ्या खांद्याला लागते. तिला पॅसेजच्या फरशीचा गारवा आठवतो.

धाकट्याची शाळा सुरू झाली, आईचे गुडघे आणखी दुखायला लागले. बहीण कोल्हापूरलाच राहते, तिने तिला बोलावून घेतलं. या वेळी तिकीट तिने मागितलं तेव्हा मी त्याच दिवशी काढलं. सकाळी निजामुद्दीनला तिला गाडीत बसवून मी तिथूनच ऑफिसला गेलो. बायको रजेवर होती.

चार वाजता हाताने सवयीने केलं. एक रिंग, कट. मग मी कॅमेरा उघडला. मुलं बायकोबरोबर खाली खेळायला गेली असावीत. हॉलमध्ये सोफा होता.

फोन वाजला.

"काय रे, बघतोयस?" आईने विचारलं. मागे गाडीचा आवाज होता.

"चुकून लागला. कुठपर्यंत पोचलीस?"

"झाशी गेली मघाशी. खालचा बर्थ आहे, बरं आहे. समोरच्या बाई कराडच्या निघाल्या."

"जेवलीस?"

"संपवला सगळा डबा. वाकडा करून दाखवू?"

मी "दाखव" म्हणालो. मग फोनच्या अगदी जवळ स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि ती म्हणाली, "पुरे आता, कामाला लाग."