खांड

पेणच्या खाडीत आमची तीन बेटं. परक्या माणसाला ती बेटं वाटतही नाहीत. भरतीला झाडांचे शेंडे दिसतात आणि ओहोटीला नुसता चिखल. धाकट्यावरचं मिठागर माझ्या जन्माआधीच बंद पडलेलं. दुसऱ्यावर तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान, बगळे आणि कोल्हे. मधल्या मोठ्या बेटावर आमची वस्ती, भातशेती आणि गोड्या पाण्याचं एक तळं.

"ही जमीन देवानं नाय दिली," माझे चुलते सांगायचे. जुन्या माणसांनी चिखलाचे गोळे हातोहात देत बांध घातला, खाडी बाहेर ठेवली, पावसानं मीठ धुऊन नेलं, तेव्हा कुठं भात आलं. उधाणानं बांध फुटला, की खांड पडली म्हणायचे. मग हातातलं काम टाकून सगळी वस्ती धावायची. पुढच्या भरतीआधी खांड बुजवली नाही, तर शेत गेलंच.

वडील लवकर गेले, मला चुलत्यांनीच वाढवलं. लग्न होऊन मी रोह्याला आले. बेटावरची तरणी माणसं डोलवीच्या कारखान्यात कामाला लागली आणि हळूहळू बिऱ्हाडं पेणला हलली. चुलते मात्र एकटेच तिथे राहिले.

त्या नारळी पुनवेला मी त्यांच्याकडे गेले होते. नारळीभात पानात वाढला होता, तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. चुलते ताटावरून उठून धावले. बांधाला दरवाजाएवढी खांड पडली होती.

"खांड हाय रे, धावा!" ते ओरडले. बंद घरांपलीकडे ऐकायला कोणी नव्हतं.

पूर्वी शेजारी राहणाऱ्या, आता डोलवीला कामाला असलेल्या भावाला मी फोन लावला. "शिफ्टवर हाय गो," तो रडवेला झाला. "मधीच सोडत नाय. सुटलो की येतो."

आम्ही दोघं पेंढा, चिखल, दगड, हाती लागेल ते टाकत राहिलो. पाणी ते सगळं डोळ्यांदेखत ओढून नेत होतं. संध्याकाळी भाऊ चौघांना घेऊन होडीनं आला, तोवर खांड अंगणाएवढी झाली होती. पुढच्या भरतीनं बांधाचा तो भागच गेला.

सकाळी तळ्यात मासे उताणे तरंगत होते. चुलत्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "खारा झाला," म्हणाले. त्याच दिवशी मी त्यांना रोह्याला आणलं.

बांध पुन्हा घालून मिळावा म्हणून आम्ही चार वर्षं सरकारी कचेऱ्यांत फिरलो. शेवटी पाहणीला एक तरुण साहेब आमच्यासोबत होडीतून आले. एव्हाना शेतात छातीएवढी तिवरं वाढली होती. मुळांत खेकडे, वर बगळ्यांची घरटी, चिखलात कोल्ह्यांची ताजी पावलं.

"काका, आता हे जंगल झालं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तिवरं तोडायला बंदी आहे. बांध कसा घालणार?"

"भात होता तवा कोन नाय आला बघायला," चुलते म्हणाले.

 साहेबांचं काही चुकत नव्हतं, चुलत्यांचंही नाही. भांडायचं तरी कोणाशी? ओहोटी लागली होती. उशीर झाला असता तर होडी चिखलात रुतली असती. चुलते तिवरांत घुसून आपल्या शेताच्या हद्दीची मेर शोधत होते. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना होडीकडे आणलं.