हौदातल्या मुंग्या

मी बारामतीत कंट्रोल पॅनेल जोडतो. पॅनेलच्या पेटीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. तो बसवताना त्याखालचा रंग खरवडून लोखंड उघडं करायचं आणि हिरवी वायर घट्ट आवळून थेट जमिनीपर्यंत न्यायची. आत काही बिघडलं तर करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. या जोडणीला आम्ही नुसतं 'अर्थ' म्हणतो.

पणदऱ्याला माझी थोरली बहीण दिली आहे. तिच्या गोठ्यातल्या दूध काढायच्या मशीनचं पॅनेल मीच बसवलं होतं. एक दिवस आक्काचा फोन आला. "बाकीच्या कशाबशा पित्यात, माझी गाय हौदाला तोंड लावंना. दूध आटलं. दृष्ट काढली, डॉक्टर बी येऊन गेला. तू तरी येऊन बघ." ही गाय तिने वासरू असल्यापासून बाटलीने पाजून वाढवली होती.

मी चप्पल काढून हौदात हात घातला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

"ते व्हय?" आक्का म्हणाली. "चप्पल घातली की न्हाय लागत. आमी समदी घालतो."

गाईला कुठली चप्पल घालणार होते, देव जाणे!

पॅनेल उघडलं. हिरवी वायर काढून तिच्या टोकाला छान टेप गुंडाळली होती. दाजी म्हणाले, "ती लावली की मशीन बंद पडतं. काढली की चालतं."

मी सांगितलं, ट्रान्सफॉर्मर आतून गेलाय. करंट पेटीच्या पत्र्यावरून तिला टेकलेल्या पाण्याच्या पाइपात आणि पाइपातून हौदात उतरतोय, फ्यूज उडून तेच सांगतोय. वायर लावून दाखवली. फ्यूज उडाला, मशीन थांबलं, गाई हंबरायला लागल्या. दाजी भडकले, "ह्याला काय अर्थ हाय का, पाव्हणं?"

नव्हताच. तोच तर त्यांनी काढून टाकला होता.

नवा ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो, तर वायरीला पुन्हा टेप आणि दाजी पेटीपुढे उभे. "चालतंय न्हवं? मग हात लावायचा न्हाय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण भांडून मी बारामतीला निघून येणार, भोगायचं आक्काला. ट्रान्सफॉर्मर खोक्यासकट परत आणला.

मग गाय विकली. इंदापूरकडचा एक जण टेम्पोतून घेऊन गेला. आक्का डांबरी रस्त्यापर्यंत मागे चालत गेली. थोड्याच दिवसांत निरोप आला, गाय तिथे पोटभर पाणी पिते, दूधही देते. मला वाटलं, आता तरी पटेल. दाजी खुशीत म्हणाले, "बघा, दृष्टच हुती! जागा सोडली आन् सुटली."

त्या दिवशी मी आशाच सोडली.

पुढच्या खेपेला त्याच दावणीला नवी गाय होती. आक्काने तिला हौदावर आणलं. गाईने पाण्याला नाक लावलं आणि झटक्यात मागे सरली. आक्काने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं.

"तू काय बोलू नगंस," ती हळूच म्हणाली. "चप्पल घाल."