वसंताला आणायला गेले सोलापूरला

सोलापूरला जायचं मी हातातला चहा संपायच्या आत ठरवलं, आणि ठरवलं ते भीतीने. आमच्या शेजारणीचे मेहुणे सोलापूरच्या एका कापडगिरणीत आहेत. पुण्याला आले की आमच्याकडे डोकावतात. या वेळी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर खाली बघत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पण तुमचे वसंतराव रोज संध्याकाळी एकटेच माळावर जातात. काठीने काहीतरी हाणत बसतात. परततात तेव्हा हात तेलाने काळे. लोक बोलायला लागलेत."

वसंता माझा पाठचा भाऊ. गिरणीत सूतखात्याचा मास्तर होता, नुकताच कामातून मोकळा झालेला. दिवाळीच्या आधी त्याची बायको मालती गेली. मूलबाळ नाही. तिच्या दिवसकार्याला आम्ही गेलो होतो तेव्हा तो कुणाशी दोन शब्दही बोलला नव्हता. मी ह्यांना सांगितलं, "मी त्याला घेऊनच येते. तिकडचं घर बंद करू."

सोलापूरला जाणार असाल तर सकाळची पॅसेंजर धरा. वेळ जास्त लागतो, पण बायकांच्या डब्यात बसायला मिळतं आणि उजेडी पोहोचता येतं. दौंडला सुरई भरून घ्यावी, पुढे पाण्याचा भरवसा नाही. कुर्डुवाडी गेलं की दोन्ही बाजूंना ज्वारीच ज्वारी, माणूस हरवेल एवढी. माढ्याला एक बाई टोपली घेऊन चढली आणि ओळख नसताना माझ्या ओंजळीत गरम हुरडा ओतून म्हणाली, "खावा अक्का, लई ग्वाड हाय. कुटं निगालाव?"

"सोलापूरला. भावाकडे."

"म्हंजी म्हायेराला की!"

हुरडा खरंच गोड होता. पण निम्मा मी तसाच पदरात बांधून ठेवला.

सोलापूरच्या स्टेशनाबाहेर टांगेवाल्याशी आधी ठरवूनच बसावं, नाहीतर तो वाटेत गावभर दाखवून आणतो. गिरणीची धुराडी, विणकरांच्या आळीत दारोदार वाळत घातलेलं लाल-निळं सूत, त्यातून तेलुगूत चाललेली हाकाहाक. गावाच्या कडेला, माळ सुरू होतो तिथे वसंताचं घर. दार उघडलं गंगव्वाने. मालती असल्यापासून तीच स्वयंपाकाला आहे. बोलणं मराठी, पण हेल कानडी.

"आलाव व्हय अक्का! बसा की. सायेब न्हाईत, माळावर गेल्यात."

तिने कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दह्याची कवडी असं पान वाढलं. ही चटणी तिकडून आणल्याशिवाय परतू नका. मी विचारलं, "गंगव्वा, तो जेवतो का नीट?"

"आता जेवत्यात. आदी न्हवते जेवत."

"माळावर करतो काय?"

"मला काय ठावं अक्का? पर रोज वली वाळू लागतीय त्यास्नी. डबा भरून नेत्यात."

ओली वाळू. माझ्या मनात नको ते आलं. हात धुतले आणि तिला घेऊन तशीच निघाले.

माळावर दूर एक मेंढरांचा कळप आणि अलीकडे वसंता. आम्ही बाभळीशी थांबलो. तो उकिडवा बसला. डब्यातून चिमूटभर वाळू घेतली, तिची इवलीशी रास केली, बोटांनी टोक नीट केलं आणि तिच्यावर काहीतरी पांढरं, गोल, अलगद ठेवलं. मग उठून मान खाली घालून त्याच्यासमोर उभा राहिला, कितीतरी वेळ.

"पिंड घालत्यात की वो," गंगव्वा पदर तोंडाशी नेत पुटपुटली.

मलाही तेच दिसत होतं. दिवसकार्य कधीच उरकलं होतं, आणि हा रोज एकटा येऊन मालतीला पिंड घालतोय! घरची रामरक्षा आणि कॉन्व्हेंटातली प्रार्थना, दोन्ही एकदमच तोंडात आल्या. तेवढ्यात त्याने हातातली काठी खांद्यावर नेली आणि त्या पिंडावर सणसणीत हाणली.

"वसंता!" मी किंचाळले.

तो वळला. "ताई? तू कधी आलीस? अगं, बाजूला हो आधी, पुढच्या चेंडूच्या वाटेत उभी आहेस!"

लहानपणी गोट्या खेळताना तो असाच खेकसायचा. मी तिथेच दगडावर बसले. हसू आधी आलं की रडू, सांगता यायचं नाही.

तो गोल्फ खेळत होता. कॉन्व्हेंटात आम्हाला लाकडी हातोड्याने चेंडू टोलवायचं क्रोके शिकवलं होतं, गोल्फची मी फक्त मासिकांत चित्रं पाहिलेली. गिरणीतला एक म्हातारा स्कॉटिश इंजिनियर मायदेशी जाताना आपल्या काठ्यांची पिशवी वसंताला देऊन गेला होता. साहेबलोकांनी खेळणं सोडल्यामुळे माळावरचे चेंडू घालायचे पाच खळगे बुजले होते. ते वसंताने पुन्हा उकरले. हिरवळ इथे कुठली? म्हणून खळग्याभोवती वाळूत गिरणीचं जळकं तेल कालवून ती फळीने सपाट करायची. हात काळे व्हायचे ते यामुळे. आणि ओल्या वाळूची रास म्हणजे चेंडू ठेवायची बैठक. आता विलायतेत लाकडी खुंट्या निघाल्यात म्हणे, "पण इंजिनियरसाहेब वाळूच वापरायचा," वसंता म्हणाला.

मेंढरं राखणारा बिरू एव्हाना जवळ आला होता. मालतीनंतर मुका झालेला माझा भाऊ आता आम्हा तिघांना चालता चालता गोष्ट सांगत होता. स्कॉटलंडात समुद्रकाठच्या वाळूच्या कुरणांत हा खेळ वाढला. हॉलंडवाले म्हणतात आमच्याकडून गेला, त्याचा वाद अजून मिटलेला नाही. पण तिकडे दंतकथा अशी, की मेंढपाळ आपल्या काठीने खडे टोलवून सशांच्या बिळात घालायचे, तिथून सुरुवात झाली.

"म्हंजी आमचाच ख्येळ की!" बिरू म्हणाला. "सायबानी आमच्याकडनं उचलला आनि आमालाच दाखिवतोय व्हय?"

"पुढं ऐक. लोक इतके नादावले की तीर मारायचा सराव सोडून दिला. लढाईचे दिवस. राजाने खेळावर बंदी घातली."

"मंग?"

"मग पुढे त्याच गादीवरचा राजा स्वतःच खेळायला लागला."

बिरू इतका हसला की मेंढरं दचकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन आले, दोन चादरी घेतल्या. संध्याकाळी पुन्हा माळावर. आज वसंता चेंडूच्या गोष्टीवर आला होता. आधी कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून चेंडू करत, उंच टोपीभर पिसं एका चेंडूला. मग मलायाच्या झाडाच्या चिकापासून गुळगुळीत चेंडू निघाले, स्वस्त, पण हवेत भरकटायचे. खेळून खेळून चरे पडले की मात्र नीट उडायचे, म्हणून नव्यांवरच मुद्दाम चरे पाडू लागले. आता आत रबराचा दोरा आणि वर बारीक बारीक खळगे.

बोलता बोलता त्याचाच चेंडू बैलाच्या खुराच्या ठशात जाऊन बसला.

"उचला की सायेब," बिरू म्हणाला, "कोन बगतंय हितं?"

"उचलायचा नसतो. पडला तिथूनच मारायचा." चार वेळा नुसती माती उडाली. पाचव्यांदा चेंडू निघाला.

परतताना मी विचारलं, "वसंता, पुण्याला चल माझ्याबरोबर. एकटा कशाला राहतोस?"

त्याने काठ्यांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "घरात बसलो की ताई, ती कुठे कुठे नाही हेच दिसत राहतं. इथे चेंडू कुठे गेला तेवढं बघावं लागतं. तेवढ्यात संध्याकाळ जाते. नंतर भूकही लागते." मग म्हणाला, "मला इथून नेऊ नकोस."

मी पुन्हा विषय काढला नाही.

सकाळच्या गाडीला तो स्टेशनवर आला. सामान चढवलं, खिडकीशी उभा राहिला आणि दोनदा उन्हाकडे बघून म्हणाला, "ताई, जाऊ का गं? आज सकाळीच खेळायचं ठरलंय, बिरू थांबला असेल. ऊन चढलं की खेळता येत नाही." आणि गाडी हलायच्या आधी पाठ फिरवून झपाझप निघूनही गेला. एरवी मी रुसले असते. त्या दिवशी मोहोळ येईपर्यंत खिडकीत बसून एकटीच हसत होते.

पुण्याला हे मला घ्यायला आले होते. माझ्या मागे डब्यात वाकून बघत म्हणाले, "वसंता कुठाय?"

"त्याला सवड नाही."

"म्हणजे बरा आहे?"

"बरा कसला," मी म्हटलं, "घाईत आहे."