पुसू नका, अक्का

ईथरनं भूल देत, तेव्हाची गोष्ट. बंगळुरात आमच्या ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञांचे एक मदतनीस होते. सगळे त्यांना नुसतं अण्णा म्हणत. ते एका जागी बसत नसत. पेशंटचे तळवे चाचपत, मधेच "स्वल्प थांबा" म्हणत. सर्जन वैतागत आणि नर्स म्हणून मीही.

एका डिसेंबरात सर्जन एका बाईच्या पोटातली नारळाएवढी गाठ काढत होते. तिच्या कपाळावरचा घाम मी सारखा टिपत होते. अण्णांनी माझं मनगटच धरलं.

"पुसू नका, अक्का! या थंडीत घाम? वॉर्डात ही बाई चक्कर येते म्हणून पदरात गूळ बांधून फिरायची, आज उपाशी आहे. डॉक्टर, साखर उतरलीय!"

ग्लुकोज दिल्यावर नाडी सुधारली. ती गाठच साखर खात होती. बेशुद्ध बाईकडे सांगायला तेवढा घामच होता, आणि तो मी टापटिपीनं पुसत होते.